ठाण्याची यादी, गावाची यादी

१९९५ सालच्या जानेवारीतली गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. धानाचे पैसे नुकतेच खात्यांत जमा झाले होते आणि सकाळपासून व्हरांड्यात रांग लागली होती. त्या रांगेला वळसा घालून एक बाई सरळ माझ्या टेबलापाशी आली. नवऱ्याच्या खात्यातले पैसे नवऱ्याला देऊ नका, एवढेच तिचे म्हणणे होते. मी तिला नियम समजावून सांगितला. खाते ज्याच्या नावावर, पैसे त्याला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, रोवणी मीनं केली, निंदण मीनं केलं, कापणीले मीच गेली. मंग पैसा त्याच्या एकट्याच्याच हातात कायले देता?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. नवरा रांगेतच होता; त्याने पैसे मोजून घेतले आणि तो निघून गेला. बाई मात्र दारापाशी थांबली. जाता जाता म्हणाली, "आमच्या गावातल्या त्या दुकानाले कर्ज तुमीच देल्लं ना?"

दिले होते. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात किराणा दुकानासाठी दिलेले ते कर्ज होते. जिल्ह्यात मार्च १९९३ पासून दारूबंदी लागू झाली होती आणि त्यानंतर त्या दुकानात मीठ-मिरचीपेक्षा बाटली अधिक खपत होती. हे गावाला ठाऊक होते आणि खरे सांगायचे तर मलाही ठाऊक होते. तपासणीला गेलो तेव्हा मागच्या खोलीतल्या पेट्या मी पाहिल्या होत्या. पण त्या खात्याचे हप्ते तारखेला येत. शेळ्यांसाठी दिलेली कर्जे बुडत होती, बैलजोडीची थकत होती आणि हे एक खाते आरशासारखे स्वच्छ होते. वसुलीच्या आकड्यांवर वरिष्ठांनी शाबासकी दिली, त्यात या खात्याचाही वाटा होता. तपासणीच्या नोंदवहीत मी लिहिले होते : 'व्यवसाय समाधानकारक.'

ते दोन शब्द तीस वर्षे माझ्या मागे लागले आहेत. आज त्यांची आठवण काढण्याचे कारण असे, की गावातल्या शांततेचा हिशेब आपले पोलीस खातेही थोडेफार माझ्यासारखाच ठेवते. जे वर कळवायचे तेच मोजायचे, आणि जे मोजले जात नाही ते घडतच नाही असे समजून चालायचे.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे मुळात एकच. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पण वैनगंगेच्या दोन्ही काठांवर जंगल तेच, धानाची शेती तीच आणि दुखणीही तीच. या दुखण्यांपैकी दारूविषयी इथल्या बायका जितके बोलल्या, चालल्या आणि लढल्या, तितके महाराष्ट्रात क्वचितच कुठे घडले असेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते आणि गावोगावची माणसे यांच्या आंदोलनातून बंदी आली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारने ही मागणी लावून धरली आणि डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. १९४२ च्या क्रांतीमुळे इतिहासात गेलेले हेच ते चिमूर. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात दारूबंदी लागू झाली. वर्धा आणि गडचिरोली हे शेजारी आधीच कोरडे होते, तेव्हा सलग तीन जिल्हे कागदावर कोरडे झाले.

मी त्या वेळी बंदीच्या विरोधात होतो. कादंबऱ्या लिहिणारा माणूस, व्यक्तिस्वातंत्र्यावर माझी श्रद्धा. सरकारने माणसाच्या पेल्यात डोकावू नये, असे मी एका व्याख्यानात म्हणालो आणि टाळ्या मिळवल्या. त्या सभागृहात बायका फारच थोड्या होत्या, हे घरी आल्यावर पत्नीने लक्षात आणून दिले.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातून दारू येत राहिली. तस्करीत नवी पोरे उतरली, त्यांच्याकडे नव्या गाड्या आल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड परिसरात दारूची गाडी अडवायला गेलेल्या एका पोलीस उपनिरीक्षकाला त्या गाडीनेच चिरडले. अखेर मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली आणि त्या पावसाळ्यात दुकाने पुन्हा उघडली. गडचिरोलीची बंदी मात्र कायम राहिली. बंदी हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघांनीही आपलेच खरे ठरले असे जाहीर केले. मीही मनातल्या मनात केले.

माझा हा समज २०२२ च्या हिवाळ्यात उतरला. मूल-सिंदेवाही भागातल्या एका गावात वाचनालयाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर बचत गटाच्या दहा-बारा बायका बसून राहिल्या. बंदी उठल्याने काय फरक पडला, असे मी विचारले. एक वयस्क बाई म्हणाली, "बंदी होती तवा फोन केला तं गाडी येत नव्हती. आता ठाणेदार म्हणते, दुकान लायसनचं हाय. आमाले दोन्ही सारखंच."

मग मी विचारले, की उद्या ठाणेदार तुमच्यासमोर येऊन बसला तर त्याला काय सांगाल? त्यांनी जे सांगितले, ते मी वाचनालयाच्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतले. ती यादी अशी होती. शाळेच्या वाटेवरचे एक घर, जिथे पहाटेपासून उधारीवर दारू मिळते. तलावाच्या पाळीवर भरणारा कोंबडबाजार आणि त्याच्या आडोशाने चालणारी सट्टापट्टी. संध्याकाळी मुलींना शाळेतून घेऊन येणारी मानव विकासची निळी बस ज्या थांब्यावर थांबते, तिथे मोटारसायकली आडव्या लावून बसणारी पाच-सात पोरे. त्यांच्यापायी दोन मुलींची शाळा सुटली होती. आणि थांब्यापासून वस्तीपर्यंतचा बंद पडलेला दिवा. दिव्याचा विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, खरे आहे, इकडे वाघाचीही भीती. त्यावर एक तरुण बाई हसून म्हणाली, "वाघ कधीमधी येते, साहेब. हे पोट्टे रोजच येतेत."

या यादीत दारूबंदी नव्हती. दारू होती, पण ती एका विशिष्ट घरातली, विशिष्ट वाटेवरची, विशिष्ट वेळेची. आम्ही शहरातले लोक 'बंदी असावी की नसावी' या प्रश्नावर तीस वर्षे वाद घालत बसलो. बायकांचा प्रश्न वेगळाच होता. आम्ही बोलावले तर पोलीस येतात का, आणि आम्ही सांगतो ते त्यांच्या कामाच्या यादीत लागते का, एवढाच त्यांचा प्रश्न.

आता ठाण्याची यादी पाहू. खून, दरोडा, बलात्कार हे अर्थातच पहिले. त्यांबद्दल कोणाचीच तक्रार नाही. त्यानंतर येतो मंत्र्यांचा बंदोबस्त, सणांचा बंदोबस्त, निवडणूक. मग वर पाठवायचे आकडे : किती गुन्हे दाखल, किती लिटर दारू, किती मोहसडवा नष्ट, मुद्देमाल किती रुपयांचा. बसथांब्यावरच्या पोरांची तक्रार या तक्त्यात बसत नाही. ती बहुधा अदखलपात्र म्हणून एका कागदावर लिहिली जाते. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तपास करता येत नाही. जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, तरी हा भाग बदललेला नाही. तेव्हा तक्रारदार बाईच्या हाती तो कागद तेवढा राहतो आणि पोरे दुसऱ्या दिवशी थांब्यावर हजर असतात. आता त्यांना तिचे नावही ठाऊक झालेले असते.

यात पोलिसांना दुष्ट ठरवण्याचा माझा हेतू नाही. एका बीट अंमलदाराकडे कितीतरी गावे, रस्ते जंगलातले, फोनला अनेक ठिकाणी रेंज नाही. त्याच्या कामाचे मोजमाप जे ठरवले आहे, तेच तो करणार. मीही तेच केले होते. माझ्या तक्त्यात 'हप्ता वेळेवर' असा रकाना होता, 'दुकानात काय विकले जाते' असा नव्हता.

गडचिरोलीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे आणि तो रक्ताचा आहे. चार दशके या जिल्ह्यात पोलिसांशी बोलणे म्हणजे जिवाशी खेळ होता. ज्याच्या अंगणात पोलीस पाणी प्याले, तो 'खबरी' ठरू शकत होता आणि खबऱ्याची शिक्षा सर्वांना ठाऊक होती. दुसरीकडे पोलीसही गावात जात ते बहुधा बातमी काढायला. गावाची तक्रार ऐकण्यासाठी जाणे त्या काळात त्यांना शक्य नव्हते आणि गावालाही सांगणे शक्य नव्हते. ते दिवस आता सरत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीतला भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. गडचिरोली पोलिसांनी मधल्या काळात दुर्गम भागातल्या पोलीस मदत केंद्रांतून 'दादालोरा खिडकी' सुरू केली. दाखले, योजना, नोकरीची माहिती तिथे मिळू लागली. ही चांगली गोष्ट आहे. पण खिडकीतून सरकार गावाला काही देते. आता त्याच खिडकीतून गावाने सरकारला काही सांगावे, आणि सांगणाऱ्याचे नाव बाहेर जाऊ नये, ही पुढची पायरी आहे. बंदुकीचे काम कमी होत असताना ही पायरी चढली नाही, तर इतकी माणसे गमावून मिळालेली सवड वाया जाईल.

आपल्याकडे यासाठी कायदे कमी आहेत असेही नाही. गावासाठी पोलीस पाटील आहे, त्याचा १९६७ चा कायदा आहे. २००७ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांनी मतदान करायचे, 'उभी बाटली की आडवी बाटली', ही सोय महाराष्ट्रात आहे. अण्णा हजारे यांच्या आग्रहानंतर २०१६ मध्ये दारूबंदी कायद्यात सुधारणा होऊन ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. आणि गडचिरोलीचा बराचसा व चंद्रपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार थेट ग्रामसभेपर्यंत पोचवण्याची तरतूद केली आहे. इतकी अवजारे घरात असून भिंत पडकीच का? कारण ही सारी अवजारे गावाला कामाला लावतात. गावाने सांगितल्यावर ठाण्याने काय केले, हे विचारण्याचा हक्क मात्र त्यांपैकी एकही ठळकपणे देत नाही.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा एक धडा गिरवला गेला, तो उपयोगी आहे. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने १९९८ च्या कायद्याने गल्लीबोळातल्या उपद्रवी वर्तनावर न्यायालयीन मनाई-हुकूम आणले. मनाई मोडली तर तुरुंग. पुढे असे दिसले की काही टोळक्यांत हा हुकूम मिरवण्याची वस्तू झाला. २०१४ साली ती पद्धत मोडीत काढून नवा कायदा आला आणि त्यात एक साधी तरतूद केली गेली. सहा महिन्यांत तीनदा तक्रार करूनही काही झाले नाही, तर तक्रारदाराला साऱ्या यंत्रणेकडून फेरआढावा मागण्याचा हक्क मिळाला; उंबरठा स्थानिक पातळीवर ठरवायचा, पण याहून कठीण ठेवायचा नाही. त्यांच्या शिक्षेपेक्षा मला ही तरतूद मोलाची वाटते, कारण ती तक्रारदाराला पुन्हा ठाण्याच्या पायरीवर न पाठवता ठाण्यालाच उत्तर द्यायला बोलावते.

गाव काही करू शकते का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) आठवावे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने तिथे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घालून दिली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते, हे सर्वांना माहीत असते. पण त्याच्या कितीतरी आधी, बायकांच्या आग्रहावरून, या गावाने दारूवर निर्णय घेतला होता, तो वरून आलेल्या हुकमाने नव्हे. अलीकडे 'मुक्तिपथ'च्या गाव संघटनांतून बायका सडवा नष्ट करतात, विक्रेत्याला समज देतात. त्यांना हवी असते ती पाठीशी उभी राहणारी वर्दी.

अर्थात गावाच्या हाती सारे सोपवा असे म्हणण्याइतका मी भाबडा उरलेलो नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) इथे भानामतीच्या संशयावरून दलित स्त्री-पुरुषांना, त्यांत म्हातारी माणसेही होती, भर चौकात बांधून मारण्यात आले. मारणारे गावच होते आणि सोडवायला पोलीसच गेले. 'समाजाच्या सहभागाने सुरक्षा' हे शब्द बोलताना ते दृश्य डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. गाव म्हणजे कोण? सरपंच, पोलीस पाटील आणि चार कर्ते पुरुष म्हणजे गाव असेल, तर दारूचे घर यादीत येणारच नाही, कारण बहुधा ते त्यांच्याच नात्यातले असते. तंटामुक्तीच्या नावाखाली मार खाणाऱ्या बाईला 'मिटवून घे' म्हणणाऱ्या समित्याही मी पाहिल्या आहेत. मोहाच्या दारूचेही तसेच. गोंड समाजात ती देवकार्यात लागते. ती आणि विक्रीसाठी सडवलेली दारू यांतला फरक गावातल्या बाईला कळतो, धाड घालणाऱ्याला कळेलच असे नाही. आणि विकणारी कित्येकदा निराधार विधवा असते. तिला तडीपार करून काय साधणार? तिच्यासाठी बँकेने शेळी द्यावी, आणि ती शेळी जगते की नाही हेही बघावे.

म्हणून माझे मागणे मोजके आहे. ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहेच. त्या सभेने वर्षातून दोनदा ठाण्यासाठी तीन कामांची यादी करावी. तीनच, म्हणजे पळवाट राहणार नाही. बीट अंमलदाराने ती यादी सभेत येऊन घ्यावी आणि पुढच्या सभेत काय झाले ते तोंडाने सांगावे. एकाच गोष्टीची तिसरी तक्रार आली की ती आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावी. तक्रार करणारीचे नाव गावात फुटले, तर ती शिस्तभंगाची बाब मानावी. मारहाण, अत्याचार, जात आणि भानामती यांत गावाचा समेट चालणार नाही, तिथे फक्त कायदा. आणि पोलीस अधीक्षकांच्या मासिक तक्त्यात लिटरांच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवावा : गावाने सांगितलेली कामे किती, झालेली किती.

असल्या रकान्यातही खोटे लिहिता येते, हे मला कोणी सांगायला नको. मी स्वतः लिहिले आहे. पण माझी ती नोंदवही गावात कोणी वाचून दाखवत नव्हते. त्या बाईसमोर उभे राहून 'व्यवसाय समाधानकारक' हे दोन शब्द मोठ्याने वाचायची वेळ आली असती, तर मला ते लिहिता आले नसते, एवढे मी आज खात्रीने सांगतो.

ती बाई पुन्हा बँकेत आली नाही. दुकानाचे कर्ज मुदतीच्या आधी फिटले आणि आम्ही त्या दुकानदाराला वाढीव कर्जासाठी पात्र ठरवले. मंजुरीच्या कागदावर सही माझीच आहे.